बारा नंबरचा शर्ट यापुढे कोणी घालू नये

लेनी, आपल्या बेसबॉलच्या मैदानात, प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या धुलाईच्या खोलीत आपण दोघं शर्टांवर इस्त्रीने आकडे चिकटवायचो आणि बाबा शेजारी रेडिओवर हवामान ऐकत बसायचे. एकदा तू सहाचा आकडा उलटा चिकटवलास आणि म्हणालास, "नऊ झाला, बिघडलं काय?" त्या मोसमात आपल्या संघात दोन नऊ नंबर होते. लिहायला बसले तर आधी तेच आठवलं, म्हणून आधी तेच लिहिलं.

आता रीतसर. मी, रोझलिन ॲन हुदाक, वय एकाहत्तर, राहणार पोर्ट हॅलेट, ओहायो, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं हृदय थकलं आहे असं डॉक्टर म्हणतात. डोकं थकलेलं नाही, हेही तेच म्हणतात. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः लेनीशी, म्हणजे माझा भाऊ लेनर्ड याच्याशी, भांडून आल्यावर लिहिलेलं.

एक. लेक रोडवरचं घर सामानासकट माझी भाची पॉला, म्हणजे लेनर्डची मुलगी, हिला द्यावं. पियानो सेंट सिरिलच्या शाळेला द्यावा. त्याची वरची एक पट्टी वाजत नाही, हे सिस्टरांना आधीच सांगावं. त्या कुरकुर करणार नाहीत, पण मनात धरतील. शिवणयंत्र ऑलीला, जो क्लबचे कपडे आणि सामान सांभाळतो.

दोन. 'हॅलेट स्टर्जन्स' या आमच्या बेसबॉल क्लबमधले माझे शेअर, जे निम्म्याहून जास्त आहेत, तेही पॉलाला. मात्र एका अटीवर. माझ्यामागून येणाऱ्या पहिल्या वसंतात मैदानाच्या भिंतीवर बारा हा आकडा रंगवावा आणि त्यानंतर तो नंबर कोणत्याही खेळाडूला देऊ नये. दहा वर्षांत एकच आकडा भिंतीवर चढवायचा, हा बाबांचा नियम. त्यामुळे बारा चढला की लेनर्डच्या पसंतीचा एकतीस राहिला, हे मला ठाऊक आहे.

स्तुती करायची तर कारण देऊन करावी, असं शाळेत सिस्टर लुडमिलांनी शिकवलं. म्हणून कारणं देते.

एकतीस नंबर म्हणजे ट्रेंट होलँडर. त्याच्यासारखा फटका या मैदानावर कोणी मारलेला नाही. एक चेंडू तर पार्किंगमध्ये माझ्याच गाडीच्या काचेवर आला, आणि मला अभिमान वाटला. पण तो दीड मोसम राहिला आणि अजूनही मुलाखतीत आमच्या गावाला 'ते तळ्याकाठचं गाव' म्हणतो. त्याचा आकडा त्याच्या मोठ्या क्लबने टांगावा. टांगतीलही.

शेहेचाळीस नंबर म्हणजे कॅलेब डनिंग, आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याने एका संध्याकाळी अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही धड फटका मारू दिला नाही. मी रडले होते. पण सामन्यानंतर मिठी मारायला गेले तर तो म्हणाला, "मिस हुदाक, मी नुसता फेकत होतो. डोकं युसेबियो चालवत होता."

बारा नंबर म्हणजे तो युसेबियो मार्ते, आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा आणि पुढचा चेंडू कसा टाकायचा ते पिचरला खुणेने सांगणारा. सात मोसम गुडघे दुमडून बसला. फटकेबाजीत यथातथाच. पण खांदा दुखावलेले, धीर सुटलेले किती पिचर आमच्याकडे आले, आणि त्याच्यासमोर चेंडू टाकता टाकता माणसात आले. कॅलेब त्यांतलाच.

लेनर्डचं म्हणणं मी ऐकलं नाही असं कोणी म्हणू नये.

"रोझी, भिंतीवर होलँडर असला तर लोक तिकीट काढून बघायला येतील. युसेबियोला बघायला कोण येणार?"

"मी."

"तू तर फुकट येतेस!"

ऑलीचीही तक्रार होती. आमच्याकडे नंबर मापाप्रमाणे असतात. बारकी मापं खालच्या आकड्यांत, धिप्पाड वरच्या. बाबांनी एकोणीसशे एकाहत्तर साली भावनेच्या भरात सात नंबर टांगला आणि मापाचा विचारच केला नाही. पुढच्या मोसमात आमचा शॉर्टस्टॉप, चेंडू अडवणारा एक किडकिडीत पोरगा, अडतीस नंबरच्या झग्यात उतरला, चेंडू त्याच्या शर्टात शिरला, आणि तो सापडेपर्यंत समोरचा गडी धाव पूर्ण करून मोकळा झाला.

"बाई, एकतीस टांगा, त्या मापाचा माणूस दहा वर्षांत एखादा येतो," ऑली म्हणाला. "बारा टांगलात तर सगळी बारकी पोरं तंबूत खेळतील."

तर ऑली, चोपन्न आणि पंचावन्न हे दोन नवे शर्ट बारक्या मापात शिवून घ्यावेत. आकडा मोठा आणि माणूस लहान असला तर काही बिघडत नाही.

खरी अडचण युसेबियोनेच काढली. खेळणं सोडल्यावर तो इथेच स्थायिक झाला आहे. मी सांगायला गेले तर त्याने हातातली पळी खाली ठेवली.

"मॅडम, नका करू. दर वसंतात ज्याला बारा नंबर मिळतो त्याला मी पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी जेवायला बोलावतो. राजमा-भात, कोंबडी, तळलेली केळी. पोरगं घरापासून लांब आलेलं असतं. तुम्ही नंबर भिंतीवर टांगलात तर मी बोलावू कुणाला?"

आकडा बंद करणं म्हणजे मान, हे आम्ही लहानपणापासून धरून चाललो. त्या मानाने कुणाच्या टेबलावरचं माणूस कमी होईल, हे मनातही आलं नव्हतं. तरीही माझा निर्णय मी बदललेला नाही. तो आकडा त्याचा आहे, आणि ते त्याच्या हयातीत भिंतीवर दिसलं पाहिजे. युसेबियोला मी तसं सांगितलं, आणि जोडीला एक गोष्ट विचारली. तो हसला आणि हो म्हणाला.

तीन. भिंतीवरचा पडदा लेनर्डने ओढावा. भाषण छोटं करावं. बारा नंबरचा शेवटचा शर्ट, न धुता, युसेबियोच्या हाती द्यावा.

चार. युसेबियोच्या टेबलाशी दर वसंतात जी एक जागा रिकामी होईल, ती मी माझा भाऊ लेनर्ड याला देते. त्याची बायको मार्गारेट गेल्यापासून तो सिंकपाशी उभा राहून डबाबंद सूप पितो, ते मला माहीत आहे. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी सहा वाजता जावं, टोपी काढून बसावं, आणि दुसऱ्यांदा वाढायला आले तर नको म्हणू नये.

सही: रोझलिन ॲन हुदाक

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे वाचून सही केली. आम्हाला स्वतःला यातून काहीही मिळत नाही:
डोरोथी काझमर, शेजारीण
फादर आल्बिन ट्रेस्का, सेंट सिरिल चर्च

पोर्ट हॅलेट, ओहायो
१९ ऑक्टोबर २०२३