एक किरकोळ वजा

सोमवार, ३ जून. सकाळी ८.४०
आजपासून मी डिलिव्हरीप्रमुख. आमचं सॉफ्टवेअर रक्तपेढ्यांत चालतं: रुग्णाचं नाव, रक्तगट, केसपेपरचं आणि पिशवीचं लेबल. आजवर नवी आवृत्ती वर्षातून एकदा निघायची. मी साहेबांना सांगून टाकलं, दर दोन आठवड्यांनी काढू. पहिली १४ तारखेला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. भारावले असावेत.

संध्याकाळी
नियम सांभाळणाऱ्या बाईंना भेटलो. (यापुढे नियमबाई.) प्रत्येक बदलाला चाचणीची नोंद, धोक्याचा फॉर्म, दोन सह्या. मी म्हटलं, कागदापेक्षा विश्वास महत्त्वाचा. त्यांनी विचारलं, विश्वासाचा फॉर्म नंबर काय. बाईंना विनोदाचं अंग नाही.

मंगळवार, ४ जून
उभ्याने मीटिंग सुरू केली. प्रत्येकाने थोडक्यात बोलायचं, पंधरा मिनिटांत मोकळं. आज एक तास दहा मिनिटं लागली. त्यातली पंचावन्न मी थोडक्यात बोलण्याचे फायदे सांगत होतो. गुडघा दुखतोय. निश्चय: उद्यापासून इतरांनी आवरतं घ्यावं.

गुरुवार, ६ जून
भिंतीवर फलक लावला. तीन रकाने: करायचं, चालू, झालं. 'झालं'मध्ये एकही चिठ्ठी नव्हती. बरं दिसेना. 'फलक लावणे' अशी चिठ्ठी लिहून तिथे चिकटवली.

सोमवार, १० जून
आमचा प्रोग्रामर दिवसाला चार वाक्यं बोलतो. आजची चारही माझ्या वाट्याला आली. नाव सव्वीस अक्षरांपेक्षा लांब असलं की रक्तगटापुढची वजाची खूण खालच्या ओळीत ढकलली जाते. ती ओळ लेबलवर छापली जात नाही. 'बी निगेटिव्ह'चं नुसतं 'बी' उरतं. दुरुस्ती आणि चाचणीला पाच दिवस लागतील.
म्हणजे १४ तारीख हुकली. मी विचारलं, एवढी लांब नावं असतात किती जणांची. तो परत स्क्रीनकडे वळला. धोक्याच्या फॉर्मवर 'किरकोळ' लिहून सही केली. नियमबाईंनी केली नाही. मी म्हटलं, एका आडव्या रेघेसाठी अडवताय. त्या म्हणाल्या, ती रेघ नाही, तो रक्तगट आहे. थकल्यासारख्या वाटल्या. झोप पुरत नसेल.

बुधवार, १२ जून
तोड सापडली. आवृत्ती म्हणून न पाठवता 'प्रायोगिक' म्हणून पाठवायची. एकाच रक्तपेढीत, त्यांच्या हाताने लिहायच्या वहीच्या जोडीला. प्रयोगाला दुसरी सही लागते असं कुठेही ठळक अक्षरांत लिहिलेलं नाही. जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे लागते. तिला या क्षेत्राचा अनुभव नाही.

शुक्रवार, १४ जून
पाठवली. वेळेत. मी टाळ्या सुरू केल्या. कोणी उचलून धरल्या नाहीत.

सोमवार, १७ जून. ११.२०
रक्तपेढीतून फोन. बाळंतपणाला आलेली एक बाई, नाव एकतीस अक्षरी. केसपेपरच्या लेबलवर नुसतं 'बी'. वॉर्डातल्या नर्सने ते वाचून पॉझिटिव्हची पिशवी मागवली. रक्तपेढीतल्या काकांनी ती देण्याआधी वही उघडली आणि हात मागे घेतला. बाई बी निगेटिव्ह. पिशवी फ्रिजच्या बाहेर गेली नाही.

दुपारी
अहवालात लिहिलं: 'आपल्या प्रक्रियेने चूक वेळीच पकडली.' नियमबाईंनी विचारलं, कुठल्या. मी ते वाक्य खोडलं.

मंगळवार, १८ जून
रक्तपेढीत जाऊन आलो. काकांना समजावणार होतो की प्रयोगात असं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले. वहीचं पान दाखवलं. गेल्या आठवडाभरातली लांब नावं मोजली होती त्यांनी. सात. मग विचारलं, साहेब, हे तुम्हाला आधी माहीत होतं का.
मी म्हटलं, तपासून सांगतो.
माहीत होतं. हे इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.
येताना बसने दोन थांबे पुढे गेलो.

शुक्रवार, २१ जून
दुरुस्ती गेली. नोंद, फॉर्म, दोन्ही सह्या, सगळं रीतसर. कसं जमलं ते पाहायला कोपऱ्यातल्या खोलीत डोकावलो. नियमबाई आणि प्रोग्रामर शेजारी शेजारी बसले होते. तो छोटा बदल करतो, त्या लगेच तपासतात, नोंद तिथल्या तिथे होते, सही त्याच दिवशी. वर्षाअखेरीला ढीग साचत नाही. आठ महिने हे असंच चाललंय. मी म्हटलं, अहो, मी तेच तर सांगत होतो. बाई म्हणाल्या, हो, पण तुमच्या मीटिंगमुळे सकाळचा वेळ मिळत नाही.

सोमवार, २४ जून
साहेबांनी बोलावलं. बढती नव्हती. मीटिंग बंद. आवृत्त्या यापुढे नियमबाई ठरवतील. मी नियमांचं प्रशिक्षण घ्यायचं, नव्याने रुजू झालेल्यांसोबत. बायकोला सांगितलं की साहेबांनी मला अभ्यासासाठी मोकळं केलंय. ती 'बरं' म्हणाली आणि जास्तीची पोळी वाढली.

गुरुवार, २७ जून
परीक्षा झाली. वीसपैकी नऊ. उत्तीर्ण व्हायला सोळा लागतात. नवीन मंडळी सगळी पास झाली. पुन्हा बसता येतं. नियमबाई म्हणाल्या, एकदम सगळं घेऊ नका. रोज एक पान वाचा, अडलं की त्याच दिवशी विचारा.
पहिलं पान दोनदा वाचलं. कळलं नाही. त्यांच्या खोलीपर्यंत गेलो. दोघं कामात होते. दाराशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.
उद्या विचारीन. त्यांना वेळ असेल तर.