पांढरीची माती

आई, आपल्या माळवदावर अजून मातीच आहे. पाऊसकाळ तोंडावर आला की तू मला गावाशेजारच्या पांढरीच्या, जुन्या वस्तीच्या टेकाडावर न्यायचीस, छपरावर घालायची माती आणायला. एकदा चढ नको म्हणून मी खालच्या रानातली काळी माती पाटीभर आणली, तर तू पाटीच उलटी केलीस. "काळी उनात भेगाळती. मग पाऊस घरात न्हाय तर कुटं पडल? जा, पांढरी आण."

पांढरी चाळताना खापरं निघायची, राख निघायची. एकदा हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला. "कुणाचा गं?" मी विचारलं. तुझं माहेर पलीकडचं, कर्नाटकातलं. राग आला की तू कानडीत जायचीस, आणि माया आली तरीही. "नम्मवर्दे," म्हणालीस, आपल्याच माणसांचा. "ठेव तितंच. घरी न्यायचं नसतंय."

परवा गावात बैठक होती. पाणी नाही, रस्ता नाही, म्हणून निम्मं गाव म्हणतंय पलीकडच्या राज्यात जाऊ, निम्मं म्हणतंय मेलो तरी हितंच. मी सोलापुरात इतिहास शिकवते, म्हणून मला बोलावणं. "तुमी सांगा की, गाव मूळचं कुणाचं?" संस्थान, ओढ्यापलीकडची निजामाची हद्द, मुंबई राज्य, सगळं पाठ करून गेले होते. पण एक नाव घेतलं असतं तर निम्मं गाव उपरं ठरलं असतं, तुझ्यासकट.

त्या दिवशी सकाळीच मी टेकाडावर जाऊन आले होते. कड ढासळली आहे. राखेचा थर, त्यावर माती, परत राख, पार माझ्या डोक्याच्या वरपर्यंत. किती बायांनी इथं चूल पेटवली असेल, आई! चपला काढून मी नुसती उभी आहे, आणि पायाशी पुन्हा एक बांगडीचा तुकडा, निळा.

बैठकीत तोच तळहातावर धरला, आणि तोंडून तुझाच शब्द गेला. नम्मवर्दे. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या हसल्या. "व्हय की, खरं हाय," एक म्हणाली. भांडण मिटलं असं नाही, पण गाव मूळचं कुणाचं, हे पुन्हा कुणी विचारलं नाही.

तुकडा परत ठेवायला जाणार होते. गेले नाही. माझ्या पर्समध्ये आहे, किल्ल्यांच्या कप्प्यात. रागावणार असशील, तर कानडीतच रागाव.