अकराव्या मिनिटाला

नांदेड, तरोडा नाका
२ नोव्हेंबर २०२५

ती. राजूअण्णास,
वर्षाराणीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र भुजंगमामांच्या लातूर गाडीनं येईल. तिकिटाच्या मशीनशेजारी ते पिशवीत ठेवतात आणि फोन असताना हे काय खूळ म्हणून मला रागावतात. मी कारण सांगितलं नाही.

तू मार्चमध्ये निवडून दिलेला कॉम्प्युटर बंद पडतो. साधी कामं करतो. अजून न बांधलेल्या इमारतीतून फिरवून दाखवणारी फिल्म तयार करायला लावली की पंखा ओरडू लागतो आणि अकराव्या मिनिटाला पडदा काळा होतो. नऊ वेळा करून पाहिलं.

पुण्याच्या ऑफिसला ही फिल्म चौदा तारखेला सकाळी हवी आहे. दिली तर कायम नोकरीचं पत्र. अठराला कोर्टात तारीख. उदगीरकरांच्या वकिलानं लिहून दिलं आहे की आईला स्थिर काम नाही, सबब मुलगी वडिलांकडे द्यावी. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, पत्र हातात असेल तर त्या भांडतील. नसेल तर काय, असं मी विचारलं. त्या जयाच्या शाळेच्या डब्याकडे बघत राहिल्या.

इथल्या दुकानदारानं पहिला प्रश्न हाच विचारला की एवढ्या तगड्या प्रोसेसरला मदरबोर्ड कोणता दिलाय. मला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला की तयार मशीनमध्ये प्रोसेसर नाव सांगायला असतो, बोर्ड मिळेल तो लावतात. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की दोन्ही एकत्रच आलेत, म्हणजे जुळतातच. मशीन पाठवा, पंधरा दिवस लागतील.

ते जुळतात का, अण्णा? एवढंच लिही.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी,
वर्षा


लातूर, औसा रोड
४ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस,
अनेक आशीर्वाद.

अप्पा जेवायला घरी गेले तेव्हा दुकानात पत्र वाचलं. घाबरू नकोस. लहानपणी रेडिओ बंद पडला की तू सेल बघायची नाहीस, बातम्या सांगणारीला दोष द्यायचीस. हे तसंच आहे. बारा वर्षं मशीनं उघडतो आहे. तो प्रोसेसर त्या वेळी बाजारात सगळ्यात भारी होता, आणि कंपनी काही खुळी नाही.

खंडेनवमीला त्याची पूजा केली असशील. विभूती जाळीतून आत गेली असेल. फुंकून काढ. भिंतीपासून हातभर पुढे ओढ. वीज कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर लाव. सील मात्र तोडू नकोस, वॉरंटी जाईल.

भुजंगमामांनी मलाही विचारलं. मी सांगून टाकलं. तू उदगीरचं घर सोडून आलीस त्या आठवड्यात अप्पांनी मला पूजेला बसवलं आणि तळहातावरच्या इष्टलिंगाच्या साक्षीनं वदवून घेतलं की वर्षाशी बोलणार नाही. लिहिण्याचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. फोन दिवसभर काउंटरवर त्यांच्या पुढ्यात असतो, म्हणून मेसेजही नाही. मामा म्हणाले की बापलेक दोघंबी लई हुशार हाव, देवालाबी कायद्याचं कलम दाखवून राहिलाव.

अव्वा शेंगांची चटणी पाठवते आहे. अप्पांना सांगितलंय की मामांसाठी आहे.

आठवण ठेव.
तुझा,
राजशेखर


नांदेड
६ नोव्हेंबर

ती. अण्णास,
शि. सा. न. वि. वि.

फुंकून काढलं. पुढे ओढलं. शेजारच्या रत्नम्माकाकूंनी त्यांच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर दिला. त्यांचं दूध नासलं. अकराव्या मिनिटाला बंद.

मग मी सील तोडलं. रागावू नकोस, रागावायला वेळ नाही.

आत अर्ध्याहून जास्त रिकामं आहे. बोर्ड जयाच्या पाटीएवढा. प्रोसेसरवर मोठा पंखा आहे. त्याच्या डाव्या अंगाला काळ्या चौकोनी चकत्यांची रांग आहे, उघडी. कडेला स्क्रूची छिद्रं आहेत, पण त्यांत काही बसवलेलं नाही. मशीन बंद पडल्यावर तिथं बोट लावलं. फोड आला आहे.

तू भारी प्रोसेसरबद्दल लिहिलंस. मी बोर्डाबद्दल विचारलं होतं.

आठ दिवस उरले. जया विचारते की अठरा तारखेला शाळेला सुट्टी आहे का. मी हो म्हणाले आहे.

लोभ नंतर. आधी उत्तर.
वर्षा


लातूर
८ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस,
आशीर्वाद.

जुळत नाहीत.

त्या चकत्या प्रोसेसरला वीज पुरवतात. त्यांच्यावर उष्णता शोषणारी धातूची पट्टी असते. छिद्रं तिच्यासाठीच आहेत. कंपनीनं ती लावली नाही. प्रोसेसर जोरात चालला की मागेल तेवढी वीज त्या देत राहतात, तापतात आणि जळण्याआधी मशीन बंद करतात. बोर्ड हलक्या प्रोसेसरसाठी आहे.

मी खोक्यावर प्रोसेसरचं नाव वाचलं आणि तुला घे असं लिहिलं. बोर्डाचं नाव खोक्यावर नव्हतंच. नव्हतं, हेच मला दिसायला हवं होतं. गिऱ्हाइकाचं मशीन असतं तर मी विचारलं असतं. घरचं म्हणून घाई केली. अप्पांच्या पाठीमागे घेत होतो, तेही एक.

बोर्ड बदलता येत नाही. या कंपनीचा वीज जोडण्याचा सॉकेट वेगळा आहे, बाजारातला बोर्ड त्यावर चालत नाही. एकच उपाय. मशीन सुरू होताना निळ्या सेटिंगच्या पानावर जा आणि प्रोसेसरला मिळणारी वीज अर्धी कर. काम सावकाश होईल, पण होईल. पायऱ्या मागच्या बाजूला लिहिल्या आहेत, सोळा आहेत. प्रत्येक नीट वाच.

रागव, पण लिही.
राजशेखर


नांदेड
१० नोव्हेंबर

ती. अण्णास,
नमस्कार.

सहाव्या पायरीशी अडलं. तू लिहिलेली ओळ माझ्या पानावर नाही. कंपनीनं ते कुलूपबंद केलं असावं. वेळ, तारीख आणि भाषा एवढंच बदलता येतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मला वाटलं होतं, झालं. रात्रीचा भात जास्त लावला होता.

बत्तीस तासांचं काम आहे आणि मशीन अकरा मिनिटं चालतं. तुकडे करून पाहिले. गार होऊन पुन्हा उठायला त्याला अर्धा तास लागतो. दर वेळी सुरू करायला मी जागी हवी; झोप धरून कागदावर हिशेब केला, वीस तारीख येते.

अण्णा, फोन कर. मी पडद्यावर काय दिसतं ते सांगेन, तू काय दाबायचं ते सांग. शपथ मोड असं मी म्हणत नाही. दहा मिनिटं तू भाऊ नाहीस, दुकानदार आहेस असं धर. गिऱ्हाइकाशी बोलतोसच ना.

मुलगी जाईल.
वर्षा


लातूर
११ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस,

उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो. अप्पांना अहमदपूरला सामान आणायला जातो असं सांगितलं आहे. बोलता येणार नाही, विचारू नकोस. हातानं होईल तेवढं करतो.

राजशेखर


नांदेड
१९ नोव्हेंबर

राजूअण्णास,

फिल्म चौदाला पहाटे गेली. नोकरीचं पत्र सतराला आलं. काल कोर्टानं ते ठेवून घेतलं. पुढचा हुकूम होईपर्यंत जया माझ्याकडे राहील. हे आधी लिहिते, कारण हे तुझ्यामुळे झालं.

तू त्या चकत्यांवर ॲल्युमिनियमचे तुकडे चिकटवलेस, झाकण काढून समोर टेबलफॅन बांधलास. तरी तेविसाव्या मिनिटाला बंद पडलं तेव्हा तू कपाळाला हात लावलास. मग तीन तास कॉम्प्युटरच्या सेटिंगची पानं उघडत बसलास आणि एका ठिकाणी शंभर टक्क्यांच्या जागी नव्व्याण्णव लिहिलंस. प्रोसेसरची जादाची धाव थांबली. नंतर एकदाही बंद पडलं नाही. हे पत्रातून सापडलं नसतं, मला मान्य आहे. शेजारी बसूनच सापडलं.

पण तू पाच तास शेजारी बसलास. पाणी हवं तर तांब्याकडे बोट केलंस. मी रडले तेव्हा कागदावर "थांब" लिहून माझ्यापुढे सरकवलंस. निघताना जयाच्या डोक्यावर हात ठेवलास आणि तिनं नाव विचारलं तर हसलास. तिच्याशी बोलू नकोस असं तर अप्पांनी वदवून घेतलं नव्हतं.

एवढे दिवस मला वाटत होतं की लिहितोस म्हणजे तू माझ्या बाजूचा आहेस. पत्रात आपण दोघं बरी दिसतो.

भुजंगमामांना सांगून ठेवलं आहे, यापुढे तुझं पत्र घेऊ नका. अव्वाला नमस्कार.

तू गेल्यावर जयानं विचारलं, मामा मुका आहे का. मी हो म्हणाले. ते खरं नसेल तर तूच येऊन तिला सांग.

वर्षाराणी