उजवा कौल

३ नोव्हेंबर १९८६, सोमवार
डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. दिवस गेलेत, नक्की. वि.ला स्टेशनबाहेर गाठून सांगितलं. आधी हसला, मग लगेच म्हणाला, "आईला एवढ्यात नको सांगूया." मीही तेच म्हणणार होते. पण नवऱ्याने ते आधी म्हणावं हे खटकलं.
मागच्या वर्षी अख्ख्या मुलुंडला सांगून बसलो होतो.
घरी सासूबाई मासे साफ करत होत्या. वास सहन होईना, मी दारातूनच गॅलरीत गेले. त्यांनी मान वर करून नुसतं बघितलं. या बाईला कसं कळतं?

५ नोव्हें.
डॉ.बाई काय म्हणाल्या ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की सोयीचं तेवढंच ऐकलं.
कॉलेजपासून पळायची सवय, आता शाळेत पी.टी. शिकवते, म्हणजे अंगाला नवीन नाही. हलकं पळायला हरकत नाही. पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग जास्त. उन्हात नको, उपाशीपोटी नको, पाणी भरपूर. शर्यत आणि उड्या बंद. पोट वाढलं की तोल जातो, तेव्हा चालण्यावर यायचं. रक्त दिसलं, कळ आली, गरगरलं, की तिथेच थांबून तडक दवाखान्यात.
विचारलं, मागच्या वेळी पळण्यामुळे झालं का? "छे हो. बहुतेक वेळा गर्भच नीट धरलेला नसतो."
बहुतेक वेळा. हा 'बहुतेक' काही घशाखाली उतरत नाही. डॉक्टर लोक बायकांची समजूत घालतात तसं तर नाही ना?

९ नोव्हें., रवि.
सकाळी मिठागराच्या बांधावर. हळू, अगदी हळू. दूधवाला सायकलवरून पुढे गेला तरी चालेल म्हटलं. छान वाटलं. छान वाटतंय याचीच भीती वाटली.
मागच्या वर्षी शाळेच्या स्पोर्ट्समध्ये शिक्षिकांच्या शर्यतीत पहिली आले होते. त्याच आठवड्यात सगळं संपलं. घरात कुणी एका शब्दाने बोललं नाही. सासूबाईंनी फक्त माझे कॅनव्हासचे बूट धुतले, वाळवले आणि माळ्यावर टाकले. वि. म्हणाला, "तुझा काही दोष नाही, कुंदा." मी विचारलं नव्हतं. न विचारता का म्हणाला?

१४ नोव्हें.
झालं. सासूबाईंनी सरळच विचारलं, "कितवो म्हयनो गो?" वि. पेपरात तोंड खुपसून. मी सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, मला जवळ घेतलं. मलाही रडू आलं. एवढं सगळं छान चालू असताना म्हणाल्या, "आणि तां पळणा?"
डॉ.बाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "डाक्टरीण शिकलेली आसा. पण तिका काय म्हायती, आमच्या घराण्याक काय पावता नि काय नाय?"
मग निघालं. पुढच्या महिन्यात गावी देवीची जत्रा. वि.ने जायचं, गाऱ्हाणं घालायचं, कौल घ्यायचा. देवीच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची तर नाही. प्रश्न काय? सुनेने पळावं की नाही!
मी हसले. ठाण्याला माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. माझं मूल, माझे पाय आणि निकाल लावणार शेवंतीची पाकळी. वि. मात्र हसला नाही. म्हणाला, "जाऊन येतो. आईचं समाधान."

२० नोव्हें.
कौल येईपर्यंत पळणं बंद, असा हुकूम. चालते. सासूबाई मागे गॅलरीत उभ्या राहून कोपऱ्यापर्यंत बघतात. कोपऱ्यानंतर पळते. चोरून पळायची वेळ यावी मला, विद्यापीठाकडून धावलेल्या बाईला! संताप येतो. पण येताना आधी चालत येते आणि श्वास बसला की मगच जिना चढते.

११ डिसें., गुरु.
वि. संध्याकाळच्या एस.टी.ने गेला. सासूबाई दरवर्षी जातात, यंदा नाही गेल्या. "तुका एकटी कशी टाकू?" म्हणजे पाळत.

१३ डिसें., शनि.
वि. सकाळीच आला. प्रसादाचा नारळ, जत्रेतलं गोड खाजं. बूट काढायच्या आधीच दारात म्हणाला, "उजवा दिला देवीने. पळू दे म्हणाली."
सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं! सासूबाईंनी हात जोडले, कपाळाला अंगारा लावला, माझ्या आणि त्याच्याही. म्हटलं, आता कुरकुरतील. चकार शब्द नाही. उलट स्वतः माळ्यावरून बूट काढून दिले. म्हणजे रोज मी जुन्या सपाटांवर जात होते ते त्यांना दिसत होतं.
वि. दिवसभर झोपून. जत्रेचं काहीच सांगितलं नाही. एरवी दशावतार कसा रंगला, कोण भेटलं, आठवडाभर पुराण चालतं.

१८ डिसें.
करायला गेले एक. आता सासूबाई मला झोपू देत नाहीत. उजाडायच्या आत, "ऊठ गो, देवीन सांगल्यान तां करूक होया!" शाल पांघरून बांधावर येतात, मी पुढे जाऊन परत येते, तोवर दगडावर बसून राहतात. शेजारच्या साळवीकाकूंना मोठ्याने सांगत होत्या, "आमच्या सुनेक देवीचोच हुकूम आसा." काकूंचं तोंड बघण्यासारखं.
हसू येतं. पण इतक्या सहज? पाणी कुठेतरी मुरतंय.

२६ डिसें., शुक्र.
वि.ने बांगडा परत केला. ताटातला. "नको आज."
मालवणी माणूस, शुक्रवार आहे, श्रावण नाही, चतुर्थी नाही, आणि तिखल्यातला बांगडा नको? सासूबाई म्हणाल्या, "काय झाला रे?" म्हणे पोट ठीक नाही. मग सोलकढी दोन वाट्या कशी चालली?

२ जाने. १९८७
पुन्हा नाही. अंडंसुद्धा नाही. एकटा सापडल्यावर विचारलं. "जत्रेत कबूल केलंय. बाळ होईपर्यंत."
"कौल उजवा आला ना? मग नवस कसला?"
"असंच."
असंच कुणी मासे सोडत नाही. मला आता वाटतंय, कौल डावा पडला. त्याने येऊन उजवा सांगितला, माझ्यासाठी. आणि देवीची समजूत घालायला मासे सोडले. हे सुचलं आणि बूट पलंगाखाली सारले. माझा विश्वास नाही ना? मग?

३ जाने.
पळाले नाही. सासूबाईंना सांगितलं, पायात गोळा आलाय. त्यांनी तेल चोळून दिलं. डावीकडची पाकळी दिसत होती डोळ्यांसमोर. मी न बघितलेली. चीड येते माझीच.

७ जाने.
पुन्हा सुरू केलं. डॉ.बाई म्हणाल्या, सगळं व्यवस्थित, ठोके छान. आपण पाकळीवर नाही, ठोक्यांवर चालायचं. असं स्वतःला बजावलं. अर्ध्या वाटेत थांबले तरी.

१६ जाने.
हेडबाईंनी माझे ड्रिलचे तास दुसऱ्या सरांना दिले आणि मला बसल्याजागी स्कोअर लिहायचं काम. न विचारता. माझी अवस्था त्यांना कुणी सांगितली? खूप टाळल्यावर म्हणाल्या, "अहो, तुमचे मिस्टरच आले होते. काळजीपोटी."
वि.! घरात म्हणतो पळ, आणि माझ्यामागे शाळेत जाऊन मला खुर्चीवर बसवतो! घरी आल्यावर विचारलं तर म्हणे, "उन्हाचं नको असं डॉक्टरच म्हणाल्या ना." बरोबर आहे. अगदी बरोबर. म्हणूनच जास्त राग आला. मला का नाही सांगितलं?
सासूबाई असल्यामुळे भांडण 'अहो-जाहो'त करावं लागलं. त्याने जोर जातो भांडणाचा.

३० जाने.
पोट दिसायला लागलंय. आता पळणं थोडं, चालणं जास्त. आत हललं आज, बांधावरच. वि.ला सांगितलं तर त्याने हात ठेवला आणि डोळे मिटले. आनंद होता, पण नुसता आनंद नव्हता. मला तो चेहरा पाठ आहे, मागच्या वर्षी दवाखान्याच्या बाकावर होता तोच.

१५ फेब्रु., रवि.
गावाहून बाबल आला होता, वि.चा चुलतभाऊ, सांताक्रूझला कामाच्या मुलाखतीसाठी. वि. भाजी आणायला, सासूबाई मासळी बाजारात, त्याला बांगडे खिलवायचे म्हणून. मी चहा ठेवला. सहज म्हटलं, "जत्रेत कौलाला तुम्ही होता का हो?"
"खयच्या कौलाक, वयनी?"
"आमच्या. दादांनी लावला तो."
"दादा खंय थांबलो! सकाळी गाडयेन इलो, पाया पडलो, दुपारच्या गाडयेन गेलो पण. कौल लावतत तो जत्रेच्या दुसऱ्या दिवशी."
चहा उतू गेला.
म्हणजे डावा नाही. उजवाही नाही. विचारलंच नाही.

१६ फेब्रु.
आधी हायसं वाटलं, खरं सांगते. डावा पडलेला नव्हता. मग राग. इतके दिवस मी त्या पाकळीशी झुंजतेय आणि पाकळी नव्हतीच.
विचारायचं. पण घरात सासूबाई.

१८ फेब्रु.
वि.ला म्हटलं, आज मला न्यायला शाळेत ये. आला. मिठागराकडून चालत आलो.
"तू कौल लावलाच नाहीस."
बाबलने सांगितलं का, असंही विचारलं नाही. मग म्हणाला, "नाही."
"का? माझ्यासाठी खोटं बोललास ना? मग सरळ सांगायचंस. मी काय रागावले असते?"
"तुझ्यासाठी नाही गं. लावणार होतो. गुरवाशी बोललो पण होतो, थांबतो म्हणून. मग तिथे उभा राहिलो आणि... डावा पडला असता तर?"
"तर काय? तू तर मानत नाहीस."
"डावा पडला असता तर मागच्या वेळचंही उत्तर मिळालं असतं ना."
म्हणजे वर्षभर 'तुझा दोष नाही' म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्या पोटात हे. देवीला विचारायला घाबरला, कारण तिने डावा दिला असता तर माझ्याकडे पुन्हा पूर्वीसारखं बघता आलं नसतं त्याला.
"आणि मासे?"
"तिच्या नावावर खोटं बोललो. तेवढं तरी करायला हवं."
रडला. मी नाही रडले. त्याचा हात धरला, पण धरताना मनात होतंच, हा अजून काय लपवतोय.

२१ फेब्रु., शनि.
आता सासूबाईंचं काय? त्या रोज उठवतात, देवीच्या भरवशावर. सांगितलं तर बूट पुन्हा माळ्यावर, आणि मुलगा त्यांच्या नजरेतून उतरेल. नाही सांगितलं आणि, नको, लिहीत नाही ते.
वि. म्हणतो, बाळ झाल्यावर सांगू. त्याला सोपं आहे. दगडावर बसून माझी वाट बघणारी बाई मला रोज दिसते.

२४ फेब्रु.
आज सकाळी एक गोष्ट टोचायला लागली ती जाईना. जत्रा शुक्रवारी होती. वि. शनिवारी सकाळी मुलुंडात होता. कौल दुसऱ्या दिवशी लावतात हे बाबलला माहीत, गुरवाला माहीत. सासूबाईंचा जन्म गेला त्या देवळात. त्यांना नाही कळलं?
आणि त्याच दिवशी माळ्यावरून बूट काढून दिले.

२५ फेब्रु., बुध.
बांधावर गेलो. मी आता चालतेच, मध्ये जरासं पळते. त्या हल्ली दगडावर बसत नाहीत, बरोबर येतात.
अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, कौल जत्रेच्या दुसऱ्या दिवशी लावतात ना?"
त्या थांबल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "व्हय. दुसऱ्या दिवशीच." आणि शाल नीट करून पुढे चालायला लागल्या.
मी उभीच राहिले. मग पुढे जाऊन त्यांना गाठलं. परत येईपर्यंत त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, घट्ट. मला पडू द्यायचं नाही म्हणून, की पळू द्यायचं नाही म्हणून, ते काही कळलं नाही.