महालक्ष्मीकृपेची उजवी बाजू

चिंचणी, गुरुवार

तीर्थरूप रविंद्रमामांस,

नयनचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा नवा फ्रिज, दोन्ही न कुरकुरता चालत असतील अशी आशा. चिंचणीहून मसोलीला रिक्षा मिळत असताना पत्र कसलं, असं पोस्टातल्या बाईंनीही विचारलं. पण आमच्या घरातला कुठलाही नंबर दिसला की तुमचा फोन मुका होतो (आईचासुद्धा! तिनं तर त्या भांडणात चकार शब्द काढला नव्हता), म्हणून हा मार्ग. तुम्ही आमच्या बोटीला बसवलेली फळी गळते, असं बाबा भर बंदरावर बोलले, त्याला तीन वर्षं झाली. यंदा विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या यात्रेत तुम्ही दोघं एकाच भज्यांच्या गाडीवर एकमेकांकडे पाठ करून खात होतात, हे मी पाहिलंय.

गेल्या वर्षी आमची ती बोट, महालक्ष्मीकृपा, मोडीत काढली. तेव्हापासून बाबा ओट्यावर बसतात आणि समुद्राकडे बघतसुद्धा नाहीत. मला ते बघवेना. मी कंप्युटरवर खेळ बनवायला शिकतोय (तुमच्या भाषेत रिकामा बसलोय), तेव्हा म्हटलं, बोट पडद्यावर बांधू. सांगाडा दोन दिवसांत झाला. त्यावर खऱ्या फोटोचं कातडं चढवायचं, त्याला टेक्श्चर म्हणतात. फोटोतला एकेक ठिपका आकड्यांत मोडून, ओळीमागून ओळ, ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायचा. मी पाठवला, आणि बोट अशी तिरकी फाटली की तिच्यावरचं नाव एका टोकाला आणि रंग भलतेच. बाबांनी चष्मा लावून पाहिलं, ‘ही बुडतेय’ म्हणाले आणि उठून गेले.

चार दिवस डोकं धरून बसलो. इंटरनेटवर विचारलं, तर परदेशातल्या अनोळखी माणसांनी माझ्या अकलेचीच चौकशी केली. शेवटी आई वलांडीच्या खांबांमधल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत टांगून आली, मागे उभी राहिली आणि म्हणाली, ‘अरे, दरेक दोरी खांबापासून चालू करायची. तुजी तर थोडी थोडी सरकत चाललीय.’ मामा, तेच होतं! ओळीत १०२२ ठिपके, प्रत्येकाचे तीन आकडे, म्हणजे ३०६६. कार्डाची समजूत अशी की प्रत्येक ओळ चारच्या पटीत संपते. म्हणून ते ओळीनंतर दोन जागा रिकाम्या समजून सोडत होतं आणि पुढच्या ओळीचे पहिले दोन आकडे गिळत होतं. एका वाक्याची दुरुस्ती. आई तोवर भात बघायला गेली होती.

बोट सरळ झाली. बाबांनी ती स्वतः माऊसनं फिरवली. डावी बाजू झकास (फोटोत नावाच्या निम्म्या अक्षरांपुढे तुम्हीच हात वर करून उभे आहात). उजवी मात्र कोरी करडी, कारण त्या बाजूचा फोटोच नाही. बाबांनी पडद्यावर वीतभर मोजलं आणि बोट टेकवलं. ‘इथं रविंद्रची फळी.’ तीन वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं त्यांनी.

तर तुमच्याकडे उजव्या बाजूचा फोटो असेल तर पाठवा. केवळ तांत्रिक काम आहे, दुसरं काही मनात आणू नये.

तुमचा भाचा,
नयन

ता.क. १ : फोटो कितीही रुंद चालेल. आता मी शहाणा झालोय.

ता.क. २ : खरं म्हणजे फोटोची गरज नाही. बोट तोडली तेव्हा बाबांनी ती फळी मागून घेतली आणि खांद्यावरून घरी आणली. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलीय. आईला तिच्यावर मिरच्या वाळवायलाही बंदी आहे. फोटो मी कधीही काढीन. तुम्ही रविवारी या.

ता.क. ३ : कोणाला लिहितोयस, असं बाबांनी आत्ता विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चहा संपवला, मग म्हणाले, लिही : ‘पाणी शेजारच्या फळीतून येत होतं. तोडताना दिसलं.’ थोड्या वेळानं म्हणाले, ते खोडून टाक. मी खोडलेलं नाही.