मूळ प्रतीला हात लावायचा नाही

२७ ऑक्टोबर, सोमवार

तीन मिनिटं रेकॉर्ड केलं. ऐकलं, तर काहीच नाही. पडद्यावर सरळ निळी रेघ!

लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील. अकरा नोव्हेंबरला सोलापूरला ह्यांचं ऑपरेशन. घशातली गाठ, स्वरयंत्र पूर्ण काढणार. डॉक्टर स्पष्टच बोलले – "नारायणराव, जीव राहील, आवाज राहणार नाही." सात डिसेंबरला आमच्या वैदेहीचं लग्न. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नाही, अन् लगेच नंतर जावयाला रजा नाही. तुळजापुरातली निम्मी लग्नं ह्यांनी लावली, आणि पोटच्या लेकीच्या लग्नात गप्प बसायचं. म्हणून मंगलाष्टकं आधीच रेकॉर्ड करायची. त्या दिवशी हॉलमध्ये त्यांचाच आवाज लागला पाहिजे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आधी फोनवर ह्यांचं एक स्तोत्र रेकॉर्ड करून बघितलं होतं. मंडपवाला महारुद्र म्हणाला, "वैनी, फोनचं माझ्या भोंग्यावर डब्यातून बोलल्यावानी येतंय. लांब सूर तर मधीच कापतंय." खरंय. फोनला लांब सूर म्हणजे कटकट वाटते, दाबून टाकतो. महारुद्रानं त्याचा लग्नातला माईक दिला. कॉम्प्युटर कैवल्यचा जुना. पुण्याला जाताना पोरानं त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं, "आई, आता दहा वर्षं बघायला नको." बघते आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

समजलं थोडं. लिनक्समध्ये आवाज सरळ जात नाही. अल्सा नावाचं एक टेबल, त्याच्यावर पल्स, बाजूला जॅक म्हणून तिसरं. पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केली, मला हे नवीन नाही. फाईल एका टेबलावर अडते आणि बाकीचे म्हणतात आमच्याकडं आलीच नाही. अडली होती अल्साकडं. पडद्यावरच्या त्याच्या काळ्या खिडकीत माईकच्या खांबाखाली एम एम लिहिलेलं – म्हणजे तोंड बंद. एकदा एम दाबलं, उघडलं. कैवल्यला फोन न करता.

१ नोव्हेंबर, शनिवार

आवाज आला, पण ह्यांचा नाही! कॉम्प्युटरवर भजन चालू होतं, तेच रेकॉर्ड झालं. हे समोर बोलतायत, त्याला पत्ताच नाही. माईकऐवजी 'मॉनिटर' निवडलं गेलं होतं, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःचंच ऐकत बसतो. असे दोन साहेब मी नोकरीत बघितलेत. बदललं.

३ नोव्हेंबर, सोमवार

नवीन पंचाईत. हे तपासणीपुरतंसुद्धा मंगलाष्टक म्हणायला तयार नाहीत. "अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, आणि सावधान म्हणू? एका पोरीचं लग्न किती वेळा लावू मी?" म्हणजे एकदाच म्हणणार. सगळं ठीक झाल्यावर, एकदाच. चुकलं तर गेलं.

मग तपासणीला काय? 'हॅलो हॅलो' त्यांना थिल्लर वाटतं. शेवटी रोज बाजारातून आल्यावर जे म्हणतात तेच म्हणाले – "अगं, ऐकलंस का. कांदा तीस रुपये. मेथी दहाला जुडी." आज असं नऊ वेळा. त्यांना दाखवून ठेवलं, खाली लाल गोल दिसला की चालू, नाहीतर बंद. शाळकरी पोरागत मान हलवली.

५ नोव्हेंबर, बुधवार

आवाज बारीक यायचा. 'बूस्ट' नावाची पट्टी वर सारली, मोठा झाला. पण आता चरचर. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. पंखा बंद केला, फ्रीज बंद केला. हे म्हणाले, "मी पण बंद होऊ का?"

मी फ्रीज परत चालू केला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चरचर जात नाही. चार दिवस राहिले. घसा आता संध्याकाळी बसतो.

८ नोव्हेंबर, शनिवार

गेली! पल्स आणि जॅक, दोघं एकाच माईकला ओढत होते. जॅकला घरी पाठवलं. 'बफर' म्हणून एक आकडा असतो, तो वाढवला, म्हणजे कॉम्प्युटरला दमानं लिहायला वेळ मिळतो. एक्केचाळिसावी तपासणी – "अगं, ऐकलंस का. वांगी चाळीस." एकदम स्वच्छ. उद्या सकाळी.

९ नोव्हेंबर, रविवार

झालं.

ह्यांनी सोवळं नेसलं. वैदेहीला पाटावर उभं केलं, पुढं शेला धरायला शेजारच्या उमादेवी आणि त्यांची सून. पलीकडं कोणी नाही. मी लाल गोल दाबला. आठही म्हटली, कुठं अडखळले नाहीत. शेवटच्या सावधानला मी काय करावं? थांबवायचं सोडून अक्षता टाकल्या! हातच तसा उठला. तांदूळ कीबोर्डात गेले. वैदेहीला रडू कोसळलं, तिला घेऊन आत गेलो सगळ्या. चहा टाकला. चहा घेऊन आल्यावर आठवलं, मग थांबवलं.

साडेअकरा मिनिटं. आठ मंगलाष्टकांना जरा जास्तच, पण हे सावकाश म्हणतात. पहिली ओळ ऐकू दिली. पुढं नाही – "लग्नाआधी वाजवायची नाहीत." बरं. मागचंपुढचं कापायला गेले नाही. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, ही तीस वर्षांची सवय.

१० नोव्हेंबर, सोमवार

बॅगा भरल्या. कॉम्प्युटरही आवरला. तपासणीच्या एक्केचाळीस फायली काढून टाकल्या, कचरापेटी रिकामी केली. पक्की प्रत झाली की कच्च्या फाडायच्या. आता एकच फाईल, 'वैदेही मूळ'.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सोलापूर. साडेसात तास. जीव राहिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

घरी आणलं. गळ्याला भोक, त्यावर जाळी. काही हवं असलं की चमच्यानं ताट वाजवतात.

आज दुपारी मी भाकरी थापत होते. ताट वाजलं. आणि एकदम लक्षात आलं मी काय केलं ते. एक्केचाळीस वेळा त्यांनी मला हाक मारली होती, आणि मी एक्केचाळीस कागद फाडून टाकले. मंगलाष्टकं सगळ्या गावाची. 'अगं, ऐकलंस का' माझं एकटीचं होतं. भाकरी करपली. कैवल्यला विचारलं, परत आणता येईल का. "आई, आता अवघड आहे." फोन ठेवून लई रडले.

मूळ फाईल तरी ऐकावी म्हणून बसले. ह्यांनी पाटीवर लिहिलं – लग्नाला.

७ डिसेंबर, रविवार

तामलवाडीचा हॉल, मुहूर्त बारा एकवीसचा. कॉम्प्युटरच नेला होता. ह्यांचा आवाज भोंग्यातून आला तशी माणसं उठून उभी राहिली. वाजंत्र्यांना सांगून ठेवलं होतं, मी हात वर केला की वाजवा. आठवं सावधान झालं, आणि मी परत अक्षताच टाकत राहिले! वाजंत्री माझ्याकडं बघत थांबलेले. हॉल गप्प. भोंग्यातून आमच्या स्वयंपाकघराचं दार वाजलं, बायकांची पावलं. मग हे.

"लाल गोल दिसतोय. म्हणजे चालू आहे."

खोकले.

"अगं, ऐकलंस का. काम काही नाही. हाक मारून ठेवतोय."

पहिल्या रांगेत हे गळ्याला उपरणं गुंडाळून बसलेले, माझ्याकडंच बघत. चारशे माणसांत मी मोठ्यानं ओ दिली.