उघडी काच

२ सप्टेंबर
सर्बियातल्या क्न्याझेवात्स गावी उतरले आणि जीव हरखला! गल्लीभर लाल मिरच्या भाजल्याचा खमंग वास. शाळेत संगणक शिकवायची नोकरी आणि राहायला कोसारा आजींकडची खोली. दारातच त्यांनी चमचाभर चेरीचा मुरंबा आणि गार पाणी पुढे केलं. नवरा राडोये मागच्या आठवड्यात गेला, म्हणून आरसे काळ्या कापडाने झाकलेले. लेक व्हेरित्सा तिकडे ऑस्ट्रियात, ग्राझला, आठवा महिना, डॉक्टरांनी अंथरुणातून हलायला बंदी केलेली. बापाच्या मातीलाही येता आलं नाही तिला. मायलेकींची भेट ती लॅपटॉपवर, आणि तो मेला बोलता बोलता फटकन बंद पडतो. मी म्हटलं, आजी, हे माझ्या डाव्या हाताचं काम. फुशारकी मारायची माझी खोड!

५ सप्टेंबर
बॅटरी ठीक, चार्जर ठीक. पंख्यातली धूळ काढली तरी बंद. तळाला हात लावला तर तवा तापलेला. मग पाहिलं, आजी बोलतानाही त्यावर जाड काळी शाल टाकतात आणि लेकीचा नुसता आवाज ऐकतात! यंत्र गुदमरणार नाही तर काय?
शाल काढा म्हटलं तर म्हणाल्या, 'काच ती काच, पोरी. गेलेला माणूस चाळीस दिवस घरातच असतो. उघडी दिसली की शिरतो आत, मग त्याला वाट सापडत नाही.'
मी सांगून टाकलं की या पडद्याला काच नसतेच, प्लास्टिक असतं. चक्क खोटं. पण त्यांना पटलं. मास्तरीण कशाला खोटं बोलेल, म्हणाल्या. शाळेत हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे पोट धरून हसले. घरी आले तर आजींनी माझ्यासाठी चीज भरलेली पोळी भाजून ठेवलेली, गरमगरम. अर्धी तशीच टाकून उठले.

८ सप्टेंबर
तासभर बोलल्या, एकदाही बंद नाही. एकमेकींना बघून दोघी रडल्या. आजींनी गल्लीभर माझं कौतुक केलं. मान वर करवेना.

१२ सप्टेंबर
आजी कॉफी करायला गेल्या तेव्हा व्हेरित्साने मला हळूच विचारलं, आईच्या मागे बाबांच्या खुर्चीत कोण बसलंय? मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. पण पडद्यावर आमचं चित्र दिसतं त्या कोपऱ्यात ती रिकामी नव्हती.
शेजारी असतील, मी म्हणाले. आणखी एक खोटं.

१५ सप्टेंबर
बंदच होत नाही. बटण दाबून पाहिलं. वायर काढली. बॅटरी काढून टेबलावर ठेवली — तरी पडदा उजळलेला. तो खुर्चीतून उठलाय. पडद्याच्या अगदी जवळ आलाय.
आजींना सांगायला हवं. पण काय सांगू? तुम्हाला फसवलं, वर तुमची टिंगल केली? लाज वाटते. फार लाज वाटते. दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि परत आले.

१८ सप्टेंबर
शाल टाकली. वर रजई. उन्हात ठेवलं. ताप, मेल्या, बंद पड —
नाही पडत.

१९ सप्टेंबर, दुपार
पडद्यात आता कोणी नाही. खुर्चीतही नाही. सुटले —

लॅपटॉपवर व्हेरित्साचा फोन आला. खुशीत आहे. खोलीत बाबांच्या तंबाखूचा वास येतो म्हणते. बाळ फार हलतंय म्हणते.
हलतंय ते बाळ नाही. तिच्या पलंगाच्या कडेला तो बसलाय. हात तिच्या पोटावर. तिला दिसत नाही. काय बघतेस, विचारते —

आजी आल्या. तोंडाने बोलवत नाही म्हणून लिहितेय. आजी, आधी हे वाचा. ती काचच आहे. मी खोटं बोलले. तिकडे बघू नका —
त्यांनी बघितलं. नवऱ्याकडे बघून हसताहेत. आजी, त्याला हाक मारू नका, तो उठला तर तिचं बाळही त्याच्यासोबत —